पट ७०, शिक्षक ३: सरकारी मराठी शाळेला कायद्याने किती शिक्षक मिळायला हवेत?

शाळासुधारणा_ग्रामीण

नमस्कार मंडळी. जून आला की बेळगाव ग्रामीण, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडे शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत एकच विषय असतो, शिक्षक कमी. मग निवेदन दिलं जातं आणि त्यात "पुरेसे शिक्षक द्यावेत" एवढंच लिहिलेलं असतं. पुरेसे म्हणजे किती, ते कुठल्या कलमाने, याचा पत्ता नसतो. म्हणून एक उदाहरण धरून चर्चा करूया.

पहिली ते सातवी, सरकारी पूर्ण प्राथमिक मराठी शाळा. पहिली ते पाचवी पट ४८, सहावी-सातवी २२, एकूण ७०. शिक्षक तीन, त्यातल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा चार्ज. "७० भागिले ३०, म्हणजे तीन शिक्षक पुरे" असा हिशोब कोणी समोर ठेवला तर तो बरोबर की चूक? जाणकारांनी कलम आणि आकडा दोन्ही सांगावं.

नियमावली

चूक. ३० ने भागायचा हिशोब संपूर्ण शाळेला लावायचा नसतोच.

शिक्षण हक्क कायदा २००९ (१ एप्रिल २०१० पासून लागू) याला एक परिशिष्ट आहे. कलम १९ आणि २५ दोन्ही त्या परिशिष्टाकडे बोट दाखवतात. त्यात पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी यांचे कोष्टक वेगळे आहेत आणि दोन्ही स्वतंत्र मोजायचे.

पहिली ते पाचवी: ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. पट १५० च्या वर गेला की ५ शिक्षक आणि शिवाय एक मुख्याध्यापक. २०० च्या वर गेल्यास मुख्याध्यापक सोडून एका शिक्षकामागे ४० पेक्षा जास्त मुलं नकोत.

सहावी ते आठवी: वर्गामागे किमान एक शिक्षक, आणि ते असे की विज्ञान-गणित, समाजविज्ञान, भाषा या तिन्हींना किमान एकेक मिळेल. शिवाय ३५ मुलांमागे किमान एक. पट १०० च्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, आणि कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांना अर्धवेळ निदेशक.

आता तुमचं उदाहरण. खालच्या गटात ४८ म्हणजे २ शिक्षक. वरच्या गटात पट २२ असला तरी तीन विषयगटांना तीन शिक्षक. एकूण ५. हातात ३ आहेत, म्हणजे दोन कमी.

चिकोडी_शैक्षणिक_जिल्हा

नियमावली सर, एक दुरुस्ती सुचवतो. या शाळेत आठवी नाही. आपल्याकडे आठवी बहुतेक ठिकाणी हायस्कुलात असते. वरच्या गटात वर्ग दोनच आहेत, तेव्हा "वर्गामागे एक" या शब्दांवर बोट ठेवून "दोनच शिक्षक" असा अर्थ समोरून काढला जाईल. मग बेरीज चार होते.

नियमावली

तो अर्थ काढला जाईल हे खरं. पण वाक्य नीट वाचा: वर्गामागे किमान एक, "अशा रीतीने की" तिन्ही विषयगटांना किमान एकेक असेल. दुसरी अट पहिलीला बांधलेली आहे. दोन शिक्षकांत तीन विषयगट बसत नाहीत. म्हणून मागणी पाचचीच करा, पण निवेदनात हेही लिहा की सर्वात कमी अर्थ घेतला तरी चार होतात, तीन कुठल्याच अर्थाने होत नाहीत. चर्चा पाचवरून सुरू झाली तर चारवर थांबते. "पुरेसे" वरून सुरू झाली तर तीनवरच राहते.

कोल्हापूर_सीमा

आमच्याकडे हे सगळं संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं मंजूर होतात त्यात, ठरतं. तुमच्या शाळेची संचमान्यता कुणी काढली आहे का?

नियमावली

संचमान्यता महाराष्ट्रातली. इथे ती लागू नाही आणि महाराष्ट्राचे शासन निर्णय इथल्या निवेदनात जोडून काही उपयोग नाही, उलट मूळ मुद्दा बाजूला पडतो. इथे केंद्राचा शिक्षण हक्क कायदा, त्याखालचे कर्नाटकचे २०१२ चे नियम, कर्नाटक शिक्षण कायदा १९८३ (अंमल १९९५ पासून) आणि शिक्षक बदली नियमन कायदा २०२० ही चौकट. जादा शिक्षकांचं समायोजन, ज्याला इथं सगळे "हेच्चुवरी" म्हणतात, ते या शेवटच्या कायद्याच्या अंगाने होतं.

फळा_खडू

आकड्यांमागे वर्गात काय होतं तेही लिहायला हवं, कारण अधिकाऱ्याला गुणोत्तर दिसतं, वर्ग दिसत नाही. ७० मुलं, ३ शिक्षक म्हणजे एकामागे २३. कागदावर सुंदर गुणोत्तर. पण वर्ग सात आहेत.

कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. ८०० ला २०० ने भागलं की दिवसाला ४ तास. पाच वर्ग आणि दोन शिक्षक असतील तर प्रत्येक वर्गाच्या वाट्याला शिक्षक थेट येतो तो ४ तासांच्या दोन पंचमांश, म्हणजे १ तास ३६ मिनिटं. उरलेला वेळ मूल फळ्यावरचं उतरवत बसतं. एक शिक्षक ट्रेनिंगला गेला की ४८ मिनिटं.

हे ४८ मिनिटांचं गणित निवेदनात घाला. पालकांना आणि ग्रामपंचायत सदस्यांना ते एका दमात कळतं.

पहिली ते तिसरीला नली-कलीत एकत्र बसवतात, त्यामुळे प्रत्यक्षात दोन गट होतात: पहिली-दुसरी-तिसरी एकाकडे, चौथी-पाचवी दुसऱ्याकडे. नली-कली ही मुळातच बहुवर्ग पद्धत आहे, कार्ड आणि शिडीप्रमाणे मूल आपल्या वेगाने पुढे जातं, तेव्हा तीन वर्ग एकत्र असणं तिथं दोष नाही. अडचण चौथी-पाचवीत येते. तिथं पाठ्यपुस्तक वेगळं, गणित वेगळं, आणि एका फळ्याचे दोन भाग करून शिकवावं लागतं. अशा वेळी दोन्ही वर्गांना एकाच तासाला गणित लावू नका. एका वर्गाला गणित शिकवताना दुसऱ्याला लेखन किंवा वाचन द्या, आणि अर्ध्या तासाने उलट करा. दोन्हीकडे नवीन घटक एकाच दिवशी सुरू केला तर दोन्ही अर्धवट राहतात.

शाळासुधारणा_ग्रामीण

चार्ज असलेल्या शिक्षकाचं काय? ते शिक्षक म्हणून मोजले जातात?

नियमावली

हो. वर दिलेल्या मर्यादा बघा, ७० पटाच्या शाळेला परिशिष्टाने वेगळा मुख्याध्यापक मिळत नाही. त्यामुळे चार्जवाले गुरुजी त्या संख्येतलेच. सॅट्सची (राज्याची विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद) कामं, यू-डायस (देशपातळीवरची शाळांची माहिती), अक्षरदासोहाचा (माध्यान्ह भोजन) रोजचा हिशोब, दूध, शिष्यवृत्ती, पुस्तकं, गणवेश सगळं त्यांच्याच डोक्यावर. म्हणून तीनमधला एक गेला की चित्र फार वाईट होतं. राज्याच्या मंजूर पदांत तुमच्या शाळेला मुख्याध्यापकाचं पद वेगळं आहे का, हे मात्र मंजूर पदांच्या यादीत तपासा. असेल आणि रिक्त असेल तर ती मागणी स्वतंत्र करा, शिक्षकांच्या मागणीत मिसळू नका.

आणि कलम २६. शाळेतल्या मंजूर पदांपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त पदं रिक्त राहता कामा नयेत. पाच मंजूर असतील तर एक रिक्त म्हणजे २० टक्के. दोन मंजूर असतील तर एक रिक्त म्हणजे ५० टक्के. छोट्या शाळेत एकही जागा रिक्त राहिली तरी कलम मोडतं. तालुक्याची किंवा जिल्ह्याची सरासरी इथं चालत नाही, कलमात "शाळा" हाच शब्द आहे.

पालक_निपाणी

आमच्या भागात आणखी एक प्रकार दिसतो. कागदावर शिक्षक शाळेचा, पण काम दुसऱ्या शाळेत किंवा ऑफिसात. त्याला डेप्युटेशन म्हणतात. यावर काही आहे का?

नियमावली

आहे, आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. कलम २५ चं दुसरं पोटकलम: गुणोत्तर राखण्यासाठी एका शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात कामाला लावता येणार नाही, आणि कलम २७ मधली कामं सोडून कुठल्याही अशैक्षणिक कामाला लावता येणार नाही. कलम २७ मध्ये तीनच कामं आहेत: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण, आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ, संसद यांच्या निवडणुका.

निवडणुकीच्या कामाबाबत सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये सांगितलंय की शिक्षकांना शक्यतो सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी आणि वेळी बोलवावं.

फळा_खडू

यातच २०२५ च्या सर्वेक्षणाचा मुद्दा येतो. सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी शिक्षक गुंतले आणि सरकारी व अनुदानित शाळांची दसऱ्याची सुट्टी ८ ते १८ ऑक्टोबर वाढवली गेली. सुट्टी वाढली तरी २०० आणि २२० दिवसांची अट कमी होत नाही. गेलेले दिवस कुठे भरून काढले याची नोंद शाळेच्या वेळापत्रकात आणि समितीच्या इतिवृत्तात असायला हवी. नुसता "जादा तास घेतले" असा शेरा पुरत नाही. तारीख, वर्ग, विषय, तास लिहा.

खानापूर_पश्चिम

छोट्या शाळांबद्दल लिहितो, कारण खानापूर तालुक्याचं चित्र वेगळं आहे. कणकुंबी, जांबोटी पट्ट्यात वाड्या दूर दूर, मुलं दहा-पंधरा, कुठं त्याहून कमी. तिथं प्रश्न गुणोत्तराचा नसतो, शाळा राहते की जवळच्या शाळेत विलीन होते, हा असतो.

पहिली गोष्ट, परिशिष्टात ६० "पर्यंत" २ शिक्षक आहेत. खालची मर्यादा नाही. १२ मुलांच्या शाळेलाही दोन शिक्षक. "पट २० च्या खाली म्हणून एकच शिक्षक" असं कायद्यात कुठेही नाही. एकशिक्षकी शाळा ही या परिशिष्टात बसतच नाही.

दुसरी, अंतर. केंद्राच्या नमुना नियमांत पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून चालत १ किमीच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किमीच्या आत हवी. डोंगराळ भाग, पूर, दरड, रस्ता नसणं अशा ठिकाणी मुलांचा धोका टळेल अशा रीतीने शाळेची जागा ठरवायची. अगदी छोट्या वस्तीला शाळा शक्य नसेल तर मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय सरकारने करायची.

अंतर मोजताना चूक होते ती अशी. नकाशावर सरळ रेषेत मोजलेलं अंतर ९०० मीटर येतं, पण मधे नाला असतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये साकव पाण्याखाली जातो. मग वळसा घालून ३ किमी. म्हणून अंतर चालत मोजा, पावसात मोजा, आणि पंचनामा करा: सुरुवात कुठून, शेवट कुठे, वाटेत किती ओहोळ, पूल आहे की साकव, रानातून किती अंतर, अस्वल-गव्यांचा वावर असेल तर वनखात्याचा फलक कुठे आहे. ग्रामपंचायतीच्या ठरावाबरोबर हा पंचनामा जोडला तर फाइल लगेच बाजूला पडत नाही.

आणि विलीनीकरण तोंडी असेल तर मानू नका. "मुलं तात्पुरती तिकडे बसवा" असं सांगितलं जातं. सॅट्समध्ये मुलांची नावं त्या शाळेत सरकवली की इकडचा पट शून्य होतो आणि मग शाळा बंद व्हायला वेगळ्या आदेशाची गरजच उरत नाही. लेखी आदेश हाती आल्याशिवाय कुणीही टीसी मागू नये.

चिकोडी_शैक्षणिक_जिल्हा

सॅट्सचा विषय निघाला आहे तर तो पूर्ण करूया. शिक्षकसंख्या मोजली जाते ती वर्गात बसलेल्या मुलांवरून नाही, संगणकातल्या मुलांवरून. मराठी शाळांचे शिक्षक इथंच हातचे जातात.

चुका कुठे होतात ते सांगतो. एक, माध्यम आणि मातृभाषा हे दोन रकाने वेगळे आहेत. मुलाची मातृभाषा मराठी लिहिली पण माध्यम कन्नड राहिलं तर मराठी माध्यमाच्या पटातून ते मूल वजा. एकाच आवारात कन्नड आणि मराठी असे दोन्ही वर्ग असतील आणि यू-डायसचा ११ अंकी क्रमांक एकच असेल तर हे हमखास तपासायचं. यू-डायसमध्ये माध्यमनिहाय पट वेगळा भरावा लागतो, तो भरलाय का ते बघा.

दोन, दाखल झालेलं मूल जुन्या शाळेने सॅट्समधून सोडलेलं नसतं. ते मूल तुमच्या वर्गात बसतं, जेवतं, पण पट जुन्या शाळेचा. कलम ५ प्रमाणे टीसी ताबडतोब द्यायची असते आणि टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. पण प्रवेश मिळणं वेगळं, संगणकात नाव सरकणं वेगळं. मुख्याध्यापकांनी विनंती पाठवून थांबायचं नाही, आठ दिवसांनी मंजूर झाली का बघायचं, नसेल तर सीआरपीला (क्लस्टरचे साधन व्यक्ती) लेखी कळवायचं.

तीन, आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही. मराठीत "दिपाली", आधारवर इंग्रजीत वेगळं स्पेलिंग, सॅट्सवर कन्नडमधून आलेलं तिसरंच. अशी मुलं पडताळणीत अडकतात. दुरुस्ती जूनमध्ये करून घ्या, सप्टेंबरपर्यंत ओढू नका. यू-डायससाठी पूर्वापार ३० सप्टेंबर हा संदर्भ दिवस धरला जातो.

चार, पहिलीचं वय. १ जूनला ६ वर्षं पूर्ण ही अट आहे, २०२५-२६ साठी ती एक वर्षापुरती ५ वर्षं ५ महिन्यांवर शिथिल केली होती. वयाने महिनाभर लहान मूल "पुढच्या वर्षी आणा" म्हणून परत पाठवलं की ते खाजगी एलकेजीत जातं आणि परत येत नाही. अंगणवाडीतल्या ताईंकडून एप्रिलमध्येच जन्मतारखांची यादी घ्या, म्हणजे कोण बसतं, कोण नाही ते आधी कळतं.

आणि एक. ऊसतोडणीच्या हंगामात, किंवा आई-वडील गोव्याला कामाला गेले की, मुलं दोन-तीन महिने दिसत नाहीत. नाव कमी करण्याआधी कुटुंब कुठे आहे ते शोधा आणि तिथल्या शाळेत तात्पुरती सोय होते का बघा. नाव एकदा कमी झालं की ते परत चढवायला फार यातायात पडते.

पालक_निपाणी

मराठी शाळेत कन्नड शिकवायला शिक्षक येतात, ते मोजले जातात का?

फळा_खडू

ताई, हा प्रश्न मोठा आहे. कन्नड भाषा अध्ययन कायदा २०१५ प्रमाणे राज्यातल्या सगळ्या शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवायची आहे, २०१५-१६ पासून टप्प्याटप्प्याने. मुलांना ती आलीच पाहिजे, पुढे दहावीला आणि नोकरीला तिची गरज पडते, त्याबद्दल वाद नाही. वाद मोजणीचा आहे. ४८ पटाच्या शाळेत दोन शिक्षक मंजूर, त्यातले एक कन्नड विषयाचे असतील आणि त्यांना मराठी वाचता येत नसेल, तर पाच वर्गांचं गणित, परिसर, मराठी, इंग्रजी एकाच शिक्षकावर पडतं. म्हणजे वर सांगितलेली ४८ मिनिटं, तीही रोज.

म्हणून मंजूर पदांच्या यादीत तीन गोष्टी वेगळ्या मागा: पद कुठल्या माध्यमाचं, पीएसटी (प्राथमिक शिक्षक) की जीपीटी (पदवीधर प्राथमिक शिक्षक), आणि प्रत्यक्ष बसलेली व्यक्ती त्या माध्यमाची आहे का. पहिली ते पाचवीला पीएसटी, सहावी ते आठवीला पदवीधर म्हणजे जीपीटी. तिन्ही रकाने समोर आले की "पद भरलेलं" आणि "शिकवायला माणूस आहे" यातला फरक कागदावर दिसतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९(२)(फ) मध्ये शिक्षणाचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावं असं आहे. ते निवेदनात असू द्या.

वकिली_बाजू

भाषिक अल्पसंख्याकांची जी मान्य संरक्षणं आहेत ती अजून कुणी लिहिली नाहीत. १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेचा ठराव: संपूर्ण शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं त्या भाषेची असतील तर त्या भाषेतून शिकवायला किमान एक शिक्षक द्यायचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर राज्यघटनेत कलम ३५०-अ आलं, प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयींसाठी राज्याने आणि स्थानिक संस्थांनी प्रयत्न करायचा. ३५०-ब ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला, तेच आजचे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त.

१९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरलेली आगाऊ नोंदणी फार उपयोगाची आहे. शाळा सुरू होण्याच्या तीन महिने आधी पालकांनी "आमच्या मुलाला मराठी माध्यम हवं" अशी नावं नोंदवायची. एका शाळेत १० भरत नसतील तर शेजारच्या शाळांत मुलं जुळवून संख्या पुरी करायची. मार्चमध्ये सह्यांसह यादी देऊन पोच घेतली तर जूनमध्ये "मागणीच नव्हती" असं म्हणता येत नाही.

पण याची मर्यादा नीट समजून घ्या. १०-४० चं सूत्र हा ठराव आहे, कायद्याचं कलम नाही. ३५०-अ मध्येही "प्रयत्न" हा शब्द आहे. त्यामुळे निवेदनाचा मुख्य आधार परिशिष्ट आणि कलम २५-२६ ठेवा, हे सूत्र जोडीला. उलट केलं तर फाइल "भाषिक प्रश्न" या शेऱ्याखाली वर जाते आणि तिथंच राहते. शिक्षक कमी असणं हा आधी शाळेचा प्रश्न आहे.

मराठी संस्थांच्या अनुदानित शाळांसाठी एक सावधगिरी. ६ मे २०१४ च्या प्रमती निकालात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असो वा नसो, लागू नाही असं ठरवलं. भाषिक अल्पसंख्याक दर्जा घेतलेल्या संस्थेला परिशिष्टाचा आधार सरळ घेता येत नाही. तिथं पदं अनुदानाच्या नियमांनी येतात. सरकारी मराठी शाळेला हा अडथळा नाही.

शाळासुधारणा_ग्रामीण

निवेदन मराठीत द्यायचं की कन्नडमध्ये?

वकिली_बाजू

घटनेच्या कलम ३५० प्रमाणे तक्रारीचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. मराठीत दिलेलं निवेदन भाषेच्या कारणाने परत करता येत नाही. तरी सोबत कन्नड प्रत जोडा. टेबलावरच्या कारकुनाने वाचलं तरच ते पुढे सरकतं, आणि आपल्याला शिक्षक हवा आहे.

माहिती अधिकाराचं मात्र वेगळं. त्या कायद्याच्या कलम ६ मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं आहे. तिथं अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत करा. शुल्क १० रुपये. कर्नाटकच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे सगळे प्रश्न एकात कोंबू नका, अर्ज फेटाळला जातो. शाळेची मंजूर पदं, माध्यम, भरलेली आणि रिक्त, एवढा एक अर्ज. डेप्युटेशनचे आदेश दुसरा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

चिकोडी_शैक्षणिक_जिल्हा

निवेदन कुणाला, तेही नीट ठरवा. जिल्ह्यात दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. बेळगावकडे बेळगाव शहर आणि ग्रामीण, खानापूर, बैलहोंगल, कित्तूर, सौंदत्ती, रामदुर्ग. चिकोडीकडे चिकोडी, निपाणी, हुक्केरी, गोकाक, मुडलगी, रायबाग, अथणी, कागवाड. निपाणीचं निवेदन बेळगावच्या डीडीपीआयकडे (शैक्षणिक जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक) दिलं तर ते नुसतं फिरत राहतं. आधी बीईओ (गटशिक्षणाधिकारी), मग आपले डीडीपीआय, आणि त्यांच्यावर धारवाडचे अपर आयुक्त.

नियमावली

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ ची तक्रार मात्र या साखळीपेक्षा वेगळी धरा. ती स्थानिक प्राधिकरणाकडे करायची, त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा, आणि नाही दिला किंवा पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. जिल्हा पंचायतीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्या, प्रत बीईओ आणि डीडीपीआयना. विषयात "कलम ३२ खाली तक्रार" हे शब्द असलेच पाहिजेत. नाहीतर ते साधं निवेदन ठरतं आणि तीन महिन्यांचं घड्याळ सुरूच होत नाही.

खानापूर_पश्चिम

आणि शाळा विकास आराखडा विसरू नका. कलम २१ ची समिती (तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला) हा आराखडा करते, कलम २२ प्रमाणे सरकारचं अनुदान त्यावर ठरायचं असतं. नमुना नियमांत तो तीन वर्षांचा, आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तयार करायचा. म्हणजे डिसेंबर. त्यात वर्गनिहाय अपेक्षित पट आणि पहिली-पाचवी, सहावी-आठवी असे वेगळे जादा शिक्षक लिहायचे असतात. पुष्कळ ठिकाणी मागच्या वर्षीचाच कागद तारीख बदलून जातो. त्यात तीन शिक्षक "पुरेसे" लिहिलेले असतात आणि खाली समितीच्याच सह्या असतात. मग जूनमधल्या निवेदनाला उत्तर म्हणून तोच कागद समोर येतो.

वर्गखोल्याही त्यातच. परिशिष्टात शिक्षकामागे किमान एक खोली आणि शिवाय कार्यालय-भांडार-मुख्याध्यापक मिळून एक. "खोल्या तीनच, चौथा शिक्षक कुठे बसवणार" हे उत्तर उलट्या दिशेचं आहे, आधी शिक्षक ठरतो आणि त्याप्रमाणे खोली.

पालक_निपाणी

अतिथी शिक्षक दिला की मागणी संपते का?

नियमावली

नाही. अतिथी शिक्षक रिक्त पदावर तात्पुरता असतो, वर्ष संपलं की त्याचं काम संपतं. त्याने कलम २६ मधली रिक्त जागा भरली असं होत नाही. अतिथी शिक्षक घ्या, मुलांचे महिने वाया घालवू नका, पण पोच देताना "कायम पदाची मागणी कायम ठेवून" एवढे शब्द लिहा. आणि अतिथी शिक्षक मराठी माध्यमातून शिकलेला आहे का, हे निवडीच्या वेळीच दाखल्यावर बघा, रुजू झाल्यावर बोलून काही होत नाही.

शाळासुधारणा_ग्रामीण

सगळ्यांचे आभार. मी या आठवड्यात दोन अर्ज कन्नडमध्ये तयार करतो: मंजूर पदांचा एक, डेप्युटेशनचा एक. इथेच टाकतो. १५० शब्दांत बसतात का ते वकीलसाहेबांनी बघावं. सॅट्समधला माध्यमाचा रकाना कुठल्या पानावर दिसतो त्याचा फोटो कुणाकडे असेल तर टाका, म्हणजे समितीच्या पालकांना मुख्याध्यापकांशेजारी बसून तपासता येईल.

चिकोडी_शैक्षणिक_जिल्हा

टाकतो. मुलांची नावं आणि आधार क्रमांक झाकून टाकावे लागतील, उद्या संध्याकाळपर्यंत देतो.